जोखीम, ग्राही आणि धन-ऋण

स्तनाच्या कर्करोगाविषयी वाचताना 'जोखीम घटक' हा जोडशब्द पदोपदी भेटतो. त्यातली 'जोखीम' ही 'जोखणे'पासून आली असावी असे सहज वाटते. व्युत्पत्तिकारांचा कल मात्र 'योगक्षेम' या संस्कृत शब्दाकडे आहे. यात्रेची जत्रा झाली, क्षीराची खीर झाली. त्याच वाटेने योगक्षेमाचे प्राकृतात 'जोगक्खेम' आणि पुढे 'जोखीम' झाले असावे. योग म्हणजे नसलेले मिळवणे, क्षेम म्हणजे मिळालेले राखणे. आधी राखण्याची जबाबदारी, मग राखायला दिलेला मौल्यवान ऐवज, मग तो गमावण्याची भीती, असा अर्थ सरकत गेलेला दिसतो. जुन्या पेढ्यांवर 'जोखमी हुंडी' चाले. माल सुखरूप पोचला तरच तिची रक्कम चुकती होई. गीतेतल्या योगक्षेमाच्या ओळीतून आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य घेतले, तेव्हा शब्द नकळत माहेरीच आला म्हणायचा.

'रिस्क'ची कुळकथाही बाजारातलीच. इटालियन 'रिस्को' हा दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा शब्द. त्यामागे जहाज फोडणाऱ्या कड्याचे ग्रीक नाव असावे असे काही म्हणतात. काही अरबी 'रिज्क'कडे बोट दाखवतात. रिज्क म्हणजे ईश्वराने नेमून दिलेली उपजीविका, आणि तो स्वतः जुन्या फारसीतल्या 'रोज'च्या घराण्यातला, म्हणजे आपल्या 'रोजी'चा सख्खा भाऊ. हा दुसरा तर्क खरा असेल तर इकडे योगक्षेमाची जोखीम झाली आणि तिकडे रोजीची रिस्क. माणसाच्या मनाने दोन्हीकडे एकच वाट धरलेली दिसते. 'फॅक्टर'ही याच पेठेतला. सुरतेच्या वखारीत इंग्रजांचा जो अडत्या बसे तो फॅक्टर, म्हणून वखारीला ते फॅक्टरी म्हणत. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'करणे'. वैद्यकात 'रिस्क फॅक्टर' रूढ झाला तो 1961च्या सुमारास, फ्रेमिंगहॅम इथल्या हृदयविकाराच्या अभ्यासातून.

संज्ञा नवी असली तरी शोध जुना. कामगारांच्या आजारांवर लिहिणाऱ्या रामाझिनीने अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते की मठातल्या जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो. 1926 साली जॅनेट लेन-क्लेपन यांनी सुमारे पाचशे रुग्ण स्त्रियांची कर्करोग नसलेल्या जवळपास तितक्याच स्त्रियांशी तुलना केली. पाळी लवकर सुरू होणे, उशिरा थांबणे, मूल नसणे किंवा पहिले मूल उशिरा होणे, अंगावर न पाजणे: जोखीम घटकांच्या या यादीतल्या बहुतेक गोष्टी शेवटी इस्ट्रोजेन हे हॉर्मोन शरीरात किती वर्षे आणि किती प्रमाणात वावरले याकडेच नेतात. घटक म्हणजे कारण नव्हे, दोष तर नव्हेच. यादीतले काहीही लागू नसलेल्या कितीतरी जणींना हा रोग होतो. 'माझे काय चुकले?' असे विचारणाऱ्या बाईला जोखमीचा जुना अर्थ सांगावासा वाटतो: सांभाळायला दिलेला ऐवज.

'हॉर्मोन' हा शब्द शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने 1905 साली व्याख्यानात वापरला. ग्रीक धातू 'चाल देणे, उसळवणे' या अर्थाचा. संस्कृत 'सृ'शी त्याचे नाते असावे. 'सम्', 'प्र' आणि 'ईर्' मिळून झालेला आपला 'संप्रेरक' त्याला अर्थाने अगदी बरोबर बसतो. इस्ट्रोजेनच्या पोटात तर 'ऑयस्ट्रोस' म्हणजे गुरांना पिसाळवणारी गोमाशी आहे. माशीवरून उन्माद, उन्मादावरून जनावराचा माज, आणि माजावरून संप्रेरकाचे नाव. 'माज'ही बहुधा 'मद्'कडेच जाणारा.

संप्रेरकाचा हुकूम सुटला तरी तो घेणारा हवा. योगायोग असा की 1905 सालीच लँग्लीने पेशीतल्या 'ग्रहणशील पदार्था'ची कल्पना मांडली. 'रिसेप्टर' हे नाव एर्लिखने आधीच योजले होते. मराठीत 'ग्राही'. त्याचा धातू 'ग्रह्' भलताच भरभराटीचा: पकडतो तो ग्रह, सूर्याला धरते ते ग्रहण, गजेंद्राचा पाय धरणारी मगर म्हणजे ग्राह, आणि ग्राहकाचेच घरगुती रूप गिऱ्हाईक. 'ग्राहक' दुकानात गेल्यामुळे विज्ञानाला 'ग्राही' उरला असावा, आणि तोच चांगला. इस्ट्रोजेनचा ग्राही खरोखर असतो हे एल्वुड जेन्सन यांनी शिकागोत किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून दाखवले. स्तनाच्या कर्करोगावरची टॅमॉक्सिफेनची गोळी काम करते ती याच ग्राहीत आधी जाऊन बसून.

म्हणून तपासणीच्या कागदावर 'ईआर पॉझिटिव्ह' असते तेव्हा पेशीत इस्ट्रोजेनचा ग्राही (ईआर) सापडला आणि गोळ्यांची वाट मोकळी आहे, एवढाच अर्थ. पण 'पॉझिटिव्ह' ऐकताच घरची माणसे हबकतात. 'सकारात्मक' त्याहून वाईट. त्याला हल्ली उपदेशाचा वास येतो. ब्रह्मगुप्ताने 628 साली वापरलेले 'धन' आणि 'ऋण' मला इथे फार दिवस योग्य वाटत होते. तेही पेढीवरचेच. मात्र तिन्ही ग्राहींच्या तपासण्या निगेटिव्ह येणाऱ्या 'ट्रिपल निगेटिव्ह' कर्करोगाला 'त्रिऋण' म्हणून पाहिले आणि मन मागे फिरले. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण या ऋणत्रयाची आठवण तिथे लगेच जागी होते, आणि बीआरसीए-1 जनुकातला बदल आईवडिलांकडून आलेल्या स्त्रियांत नेमका हाच प्रकार अधिक आढळतो. त्यांच्या कागदावर पितरांच्या देण्याची सावलीही पडू नये. इस्ट्रोजेनचा, प्रोजेस्टेरॉनचा आणि हर-टू, तिन्ही शेवटी ग्राहीच. तेव्हा 'तिन्ही ग्राही नसलेला' हे लांबट, साधे नावच मी पसंत करीन.