एक-अठरा म्हणजे नेमकी किती जाड?

आज रणांगण बाजूला ठेवतो आणि तुम्हाला एका घराच्या भिंतीत घेऊन जातो. घर रायपूरचं. स्टेशनच्या पलीकडे गुढियारी नावाची वस्ती आहे, घाऊक व्यापाराची, दिवसभर हमालांची आणि मालगाड्यांची वर्दळ. तिथे माझी धाकटी बहीण राहते. तिचे सासरे रेल्वेत होते. मराठी माणसं रेल्वेच्या निमित्ताने नागपूरकडून तिकडे गेली आणि तिथलीच झाली, त्यांपैकी ते एक. घर त्यांनीच बांधलेलं.

गेल्या एप्रिलमध्ये भाच्याचा फोन आला. "मामा, आजीच्या खोलीत एसी बसवतोय. मिस्त्रीने वायर पाहिली. एक-अठरा आहे म्हणतो. एक पॉइंट आठ मिलिमीटर म्हणजे अडीच स्क्वेअर, बरोबर ना? चालेल?"

हिशेब चोख होता. व्यासाचा वर्ग करा, ०.७८५ ने गुणा, की तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ येतं. १.८ चे २.५४. तरी मी म्हटलं, थांब, मी येतोय. नोकरीतली वर्षं ईएमईच्या वर्कशॉपमध्ये गेली असल्यामुळे 'एक-अठरा' या शब्दावर माझा विश्वास नाही. त्याचे दोन अर्थ होतात, आणि ते दोन वेगळ्या काळांतले आहेत.

पहिला अर्थ इंग्रजांचा. तार बनते ती धातूची कांब भोकातून ओढून. जितक्या वेळा आणखी बारीक भोकातून ओढाल, तितकी ती पातळ. त्यामुळे जुन्या कारागिरांनी जे नंबर दिले ते उलटे चालतात: नंबर मोठा, तार बारीक. रायपूर–धमतरी ही अडीच फुटी छोटी गाडी पाहिलेल्यांना गेज म्हटलं की रुंदी आठवते; तारेच्या गेजात मात्र आकडा वाढला की माल कमी होतो. बर्मिंगहॅमकडे तर एकाचा अठरा नंबर दुसऱ्याच्या अठराशी जुळेना, व्यापारात भांडणं होऊ लागली. शेवटी १८८३ साली ब्रिटिश सरकारने एकच कोष्टक ठरवलं आणि १ मार्च १८८४ पासून ते लागू झालं. तेच स्टँडर्ड वायर गेज, आपल्या मिस्त्रींचं एसडब्ल्यूजी. त्यात १८ नंबर म्हणजे ०.०४८ इंच, जवळपास १.२२ मिलिमीटर. ३/२२ म्हणजे २२ नंबरच्या तीन तारा, ७/२० म्हणजे २० नंबरच्या सात तारा. १/१८ म्हणजे १८ नंबरची एकच तार. तिचं क्षेत्रफळ भरतं १.१७ चौरस मिलिमीटर. भाच्याच्या हिशेबाच्या निम्म्याहून कमी!

दुसरा अर्थ स्वतंत्र भारताचा. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि इंच-फूट हळूहळू मागे पडले. त्याच सुमारास तांब्याची अडचण होती. देशात तांबं निघायचं ते मुख्यतः घाटशिला भागात, आताच्या झारखंडात. बाकीचं बाहेरून आणायचं तर परकीय चलन कुठून आणणार? मग घराच्या वायरिंगमध्ये ॲल्युमिनियम आलं. बाल्को ही सरकारी कंपनी १९६५ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना रायपूरपासून फार लांब नाही, कोरब्याला. ॲल्युमिनियमची वायर एकेरी, मापं मिलिमीटरमध्ये: १/१.४ म्हणजे दीड स्क्वेअर, १/१.८ म्हणजे अडीच. बोलताना टिंब कोण उच्चारतो? १/१.८ सुद्धा 'एक-अठरा'च.

पुढे तांबं परत आलं, बारीक तारांच्या लवचिक वायरीत. २२/०.३ म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या बावीस तारा, दीड स्क्वेअर. ३६/०.३ अडीच, ५६/०.३ चार. म्हणजे 'बावीस' हा आकडाही दोनदा आला: एकदा तारेची जाडी म्हणून, एकदा तारांची संख्या म्हणून.

तर गुढियारी. मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली. तिन्ही खोल्यांचे बोर्ड उघडले. वरच्या मजल्यावर २२/०.३, अलीकडची. पुढच्या खोलीत चंदेरी, मऊ, एकेरी तार: ॲल्युमिनियम, १/१.४. आणि आजींच्या खोलीत लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली जुनी काळी वायर. वरून चांगली जाडजूड दिसत होती, पण ते सगळं आवरण. माप उघड्या तारेचं घ्यायचं असतं. चाकूने टोक खरवडलं तर आत लालसर तांबं. मी खिशातली गेजची चकती काढली. तिच्या कडेला खाचा असतात आणि खाचेच्या मुळाशी गोल भोक. नवखा माणूस तार भोकात घालतो. मोजायचं खाचेत. अठरा नंबरच्या खाचेत तार नेमकी बसली.

बहिणीच्या सासूबाई पलंगावरून बघत होत्या. म्हणाल्या, "ही खोली पहिली. हा मुलगा पोटात होता तेव्हा दिवा लागला. पुढची खोली मागून, याच्या मुंजीच्या वेळी." माझ्या मेहुण्यांचा जन्म १९६१ चा. वायरी आणि सासूबाई एकच गोष्ट सांगत होत्या.

आता खरी काळजी. दीड टनाचा एसी सुमारे आठ अँपिअर घेतो, तासन्तास. ही तार दिवा-पंख्याच्या पाच अँपिअरच्या पॉइंटसाठी टाकलेली, साठ वर्षांचं आवरण बोटात भुगा होणारं. त्यावर कुणीतरी जुना फ्यूज काढून ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला होता. 'सारखा उडतो' ही तक्रार मिटवायला, दुसरं काय. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. ३२ चा पहारेकरी ही तार तापून लाल होईपर्यंत जागाच झाला नसता, आणि लाकडी पट्टी सासूबाईंच्या उशाशी होती.

मिस्त्री मनाचा चांगला. तो म्हणाला, "साहब, एक-अठरा तो है ही ना." खोटं बोलत नव्हता तो. त्याच्या वडिलांनी शिकवलेला शब्द त्याने वापरला, भाच्याने शाळेत शिकलेला दशांश त्यात घातला.

बहीण खर्चावरून कुरकुरली. "दादा, एवढी भिंत फोडायची?" मी म्हटलं, भिंत फोडू नकोस, वरून पीव्हीसीची पट्टी ने. मेन बोर्डापासून चार स्क्वेअर तांब्याची स्वतंत्र लाइन, वेगळी अर्थिंगची तार, त्या लाइनला २० चा एमसीबी. दिवा-पंख्याची जुनी तारही काढून दीड स्क्वेअर टाकली. पुढच्या खोलीत ॲल्युमिनियमला तांबं नुसतं पिळून जोडलेलं सापडलं, सांधा काळवंडलेला. तेही बदललं. दोन दिवस गेले.

जुन्या वायरीतलं तांबं मिस्त्रीने वेगळं वजन करून नेलं. वीतभर तुकडा भाच्याने ठेवून घेतला आणि चिठ्ठी लावून मेन बोर्डाच्या आत टांगला: 'मागची खोली, १/१८ गेज, तांबं, काढली.' संध्याकाळी एसी लागला. सासूबाईंनी दहा मिनिटं वारा घेतला आणि पंखाही चालू ठेवायला सांगितला.