बोरघाटांतील शिटी

वाफेच्या गाडीची आठवण निघाली कीं बोलणाऱ्याचा स्वर हळवा होतो. धुराचा वास, रात्रीं दुरून ऐकूं येणारी शिटी, खिडकींतून डोकावतांना डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण, ह्यांचेंच कौतुक चालतें. तें चालावयास हरकत नाहीं. परंतु ती शिटी उतारूंसाठीं वाजत नसे. ती कोणी कोणासाठीं वाजवी, हें समजण्यास बोरघाटांत जावें लागतें; आणि नव्या मुंबईंतील श्रोत्यांना तेथें जाण्याची वाट पनवेलवरूनच सांगितली पाहिजे.

कारण रेल्वे येण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जावयाचें म्हणजे गलबतानें पनवेल बंदरास उतरावें आणि तेथून घाट चढावा, हा रिवाज होता. गव्हर्नर माल्कम ह्यांनीं १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता खुला केला. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं वाफेची गाडी ठाण्यास पोंचली, वर्षभरानें कल्याणास आली, आणि तेथून रूळ कर्जतच्या बाजूस वळले. पनवेल एका अंगास राहिलें. तेथें रूळ येण्यास पुढें शंभरांवर वर्षें लागलीं, आणि १९९२ सालीं वाशीस पहिली लोकल आली ती तर विजेवरचीच होती.

कर्जतपलीकडे मात्र डोंगर आडवा होता. १८५६ मध्यें खोपोलीपर्यंत एक फांटा नेला. १८५८ मध्यें खंडाळ्याहून पुण्यास गाडी सुरू झाली. मधला घाट उतारूंनीं पालखींतून, तट्टावरून अगर पायीं चढावयाचा. कंपनीचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली ह्यांनीं तेथें सुमारें १६ मैलांचा मार्ग आंखला. त्यांत १८०० फुटांहून अधिक चढ, २५ बोगदे, आणि कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट अशी चढण. कड्यांवर उभें राहण्यासही जागा नसे. माणसें दोरांनीं खालीं सोडून सुरुंगाचीं भोकें पाडावीं लागत. १८६१ च्या सुमारास ४०,००० हून अधिक माणसें तेथें राबत होतीं. पटकीनें मजूर पटापट मरत. मजुरी वेळेवर हातीं पडेना, तेव्हां जानेवारी १८५९ मध्यें त्यांनीं दंगा केला, आणि फेव्हियल ह्या कंत्राटदारास काम सोडावें लागलें. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा हिंदुस्थानांत येऊन थोड्याच आठवड्यांत वारला. पुढें त्याच्या पत्नीनें, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें, कंत्राट आपल्याकडे ठेवून विश्वासू इंजिनिअरांकरवीं काम पुरें करविलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर फ्रिअर ह्यांनीं घाट खुला केला. बर्कली तें पाहावयास उरले नव्हते. ट्रेडवेलबाईंचें नांव इतिहासांत राहिलें. दोरावर लोंबकळणाऱ्यांपैकीं कोणाचें राहिलें, तें शोधून सांपडत नाहीं.

आतां शिटीकडे येऊं. चढतांना गाडीच्या मागेंही इंजिन लावावें लागे. दोघां ड्रायव्हरांस एकमेकांचीं तोंडें दिसत नसत. पुढच्यानें शिटी द्यावी, मागच्यानें उत्तर द्यावें, मग दोघांनीं एकदम वाफ सोडावी. बोगद्यांत मागच्या इंजिनावरील आगवाल्यास आपला धूर आणि पुढच्याचाही धूर गिळीत फावडें चालवावें लागे. पावसाळ्यांत रूळ निसरडे झाले कीं चाकें जागच्या जागीं फिरत. मग चाकांपुढें वाळू सोडावयाची.

उतरणें ह्याहून कठीण. पूर्वीं सबंध गाडीला एकत्र लागणारा ब्रेक नव्हता. ड्रायव्हरनें शिटी दिली म्हणजे ब्रेकच्या डब्यांतील माणसांनीं हातानें चाकें आंवळावयाचीं. त्यांनीं शिटी ऐकली नाहीं तर? ह्यासाठीं उतारावर ठिकठिकाणीं एकेक फांटा डोंगराच्या अंगावर चढवून ठेवला होता, आणि सांधा नेहमीं त्या फांट्याकडेच लावलेला असे. गाडी पुरती थांबली, तिनें शिटी दिली, म्हणजेच सांधेवाला तिला खरा मार्ग देई. थांबली नाहीं, तर तिनें फांट्यावर चढून आपला वेग जिरवावा. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते: गाडी आवरलेली आहे असें आधींच गृहीत धरावयाचें नाहीं. पण सांधेवाल्यास केवढा धीर लागत असेल! वरून उतारूंनीं भरलेली गाडी येत आहे, आणि ती थांबेपर्यंत हात हलवावयाचा नाहीं.

खंडाळ्याखालीं डोंगराच्या एका सोंडेवर वळणास जागाच नव्हती. तेथें गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोंकास जोडीत आणि गाडी उलट्या दिशेनें निघे. ही उठाठेव १९२९ पर्यंत चालली. १९ जुलै १८६७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, घाटांतील एक मोठा दगडी पूल कोसळला होता. अशा मार्गावर गँगमनची गस्त काय मोलाची असेल, हें निराळें सांगावयास नको.

१९२९ च्या सुमारास घाटावर वीज आली. पुष्कळांच्या आठवणींत ‘डेक्कन क्वीन’ धूर सोडीत चढते. पण १ जून १९३० रोजीं ती सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर. घाटांतील वाफ तिच्या आधींच मावळली होती. चढ मात्र होता तेथेंच आहे. पुष्कळ गाड्या अजूनही कर्जतला थांबतात. उतारू वड्यांसाठीं फलाटावर उतरतात, आणि तेवढ्यांत मागल्या बाजूस इंजिनें येऊन लागतात.