बिडाच्या तव्यातील सफरचंद

इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या आप्तांकडे पाहुणचार घेऊन परतलेल्यांच्या तोंडून एका गोड पदार्थाचे नाव हटकून ऐकू येते. बिडाच्या खोलगट तव्यात सफरचंदाच्या फोडी, त्यांवर पीठ, लोणी व साखर यांचा खमंग चुरा आणि भट्टीतून काढल्यावर कडेने उकळणारा पाक. अमेरिकेत त्याला 'ॲपल क्रिस्प' म्हणतात, तर इंग्लंडात त्याच्या भावंडास 'क्रंबल'. मेजवानीच्या यादीत ह्या पदार्थाला मानाचे पान क्वचितच मिळते. तो रोजच्या जेवणानंतरचा साधा घरगुती प्रकार आहे. परंतु टंचाईच्या दिवसांत समाज आपले अन्न कसे वाटून घेतो, हा गंभीर प्रश्न त्याच्या इतिहासाशी जोडलेला आहे. म्हणूनच तो वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

सफरचंदाचे मूळ घर मध्य आशियात. आजच्या कझाकस्तानातील तिएनशान पर्वताच्या उतारांवर त्याच्या रानटी पूर्वजांची वने अद्याप आहेत. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी १९२९ साली ती पाहिली आणि सफरचंदाचे माहेर ते हेच, असा निर्वाळा दिला. ह्या झाडाचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याचे बी पेरले तर आईसारखे फळ येईलच असे नाही. बहुधा आंबट, तुरट किंवा बारीक फळ हाती लागते. गोड जात टिकवायची तर कलम बांधावे लागते. अमेरिकेत गेलेल्या युरोपीय वसाहतकऱ्यांनी कलमांबरोबर बियाही पेरल्या. 'जॉनी ॲपलसीड' ह्या नावाने लोककथांत अमर झालेले जॉन चॅपमन (१७७४-१८४५) यांनी तर बियांपासूनच रोपवाटिका उभारल्या. अशा झाडांची आंबट फळे नुसती खाण्यापेक्षा मद्यासाठी आणि स्वयंपाकासाठीच अधिक उपयोगी पडत. चुलीवर शिजलेल्या सफरचंदाची आवड ह्या आंबटपणातून वाढली.

शिजवण्यासाठी भांडे हवे. १७०७ साली इंग्लंडातील अब्राहम डार्बी यांनी वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याच्या कृतीचे एकस्व मिळवले आणि पुढे अशी जड, टिकाऊ भांडी सामान्य घरांच्या आवाक्यात आली. अमेरिकेतील जुन्या चुलाण्यांपुढे तीन पायांचा तवा निखाऱ्यांवर उभा करीत. त्याला 'स्पायडर', म्हणजे कोळी, म्हणत. झाकणाच्या बिडाच्या भांड्यात पदार्थ भाजायचा असेल, तर खाली आणि झाकणावर असे दोन्हीकडे निखारे ठेवीत. कोकण-गोव्यातील वाचकांना ही रीत नवी नाही. काकडीचे धोंडस आमच्याकडे असेच वर-खाली निखाऱ्यांच्या धगीत भाजले जाई. भट्टी नसलेल्या दोन दूरच्या स्वयंपाकघरांनी एकाच अडचणीवर एकच तोड काढली होती.

मात्र क्रिस्प हा पदार्थ दिसतो तितका जुना नाही. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या फॅनी फार्मर यांच्या विख्यात पाकपुस्तकात त्याचा उल्लेख नाही. छापील पुस्तकात तो आढळतो तो १९२४ साली. तोवर ओट्स अमेरिकन घरांत स्थिरावले होते. वाफवून, दाबून चपटे केलेले हे दाणे म्हणजे एका अर्थी त्या धान्याचे पोहेच. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा हर्बर्ट हूवर यांच्या अन्नखात्याने गहू वाचवून मका, ओट्स वापरण्याचे आवाहन घरोघरी पोहोचवले होते.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. किलोभर टणक व आंबटसर सफरचंदे सोलून जाडसर फोडी कराव्यात. आपल्या बाजारातील मऊ लाल सफरचंदे शिजल्यावर गाळ होतात, ती टाळावीत. फोडींना एका लिंबाचा रस, दोन चमचे साखर आणि थोडी दालचिनीची पूड लावावी. बिडाच्या तव्यात चमचाभर लोणी तापवून त्या पाचेक मिनिटे परताव्यात. वरच्या थरासाठी एक वाटी ओट्स, पाऊण वाटी कणीक व अर्धी वाटी साखर किंवा गुळाची पूड एकत्र करून, शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतो तसे शंभर ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळावे. मूठ दाबली की मुटका वळावा आणि बोट लावताच फुटावा. पाणी मुळीच घालू नये. हा चुरा फोडींवर न दाबता पसरावा व तवा तसाच १८० अंशांच्या भट्टीत पस्तीस ते चाळीस मिनिटे ठेवावा. बीड धग धरून ठेवते, त्यामुळे तळाचा रस आटून दाट होतो आणि वरचा थर खरपूस होतो. उरलेला पदार्थ तव्यात ठेवू नये. फळाच्या आंबटपणाने तव्याचा मुरलेला तेलकट थर जातो व लोखंडाची चव उतरते.

येथे पाककौशल्याइतकीच काटकसरही आहे. 'पाय'ला तळाचे व वरचे अशी दोन कवचे लागतात आणि त्यांना पिठाच्या जवळजवळ निम्मे लोणी किंवा चरबी लागते. चुऱ्याचा थर एकच. मोहन थोडे कमी पडले तरी तो निभावून नेतो.

ब्रिटनला ह्या गुणाची गरज दुसऱ्या महायुद्धात पडली. ८ जानेवारी १९४० रोजी तेथे लोणी, साखर व बेकन यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले. पुढे बराच काळ प्रौढ माणसाला आठवड्याला सुमारे ५५ ग्रॅम लोणी व सव्वादोनशे ग्रॅम साखर मिळे. केळी बाजारातून नाहीशी झाली. सफरचंदे मात्र देशातच पिकत. अशा वेळी गृहिणींनी कवचाचा नाद सोडून चुरा जवळ केला आणि क्रंबल घरोघरी रुजला. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या व्यवस्थेत राजघराण्यालाही शिधापुस्तिका होती. जिन्नस कमी होते, पण ठरलेला वाटा दुबळ्यापर्यंत पोहोचत असे. गरोदर स्त्रिया व बालकांसाठी दुधाची खास सोय होती. युद्ध संपताना तेथील बालमृत्यूंचे प्रमाण युद्धापूर्वीपेक्षा कमी झाले होते.

हे वाचून कौतुक वाटते. परंतु त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिल्यावर मन विषण्ण होते. १९४३ साली बंगालमध्ये माणसे रस्त्यांवर मरून पडत होती. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडल्याने तेथून येणारा तांदूळ थांबला, ऑक्टोबरात मेदिनीपूरवर चक्रीवादळ आदळले, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने गावकऱ्यांच्या नावा काढून घेतल्या आणि भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेले. कलकत्त्यातील युद्धोपयोगी उद्योगांतील कामगारांना धान्य मिळाले. खेड्यांतील भूमिहीन व कोळी वाऱ्यावर राहिले. धान्यासाठी पुरेशी जहाजे देण्यास लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने नकार दिला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरचे अनेक अभ्यासक तो ३० लाखांपर्यंत नेतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, केवळ धान्याच्या तुटवड्याने हा अनर्थ समजत नाही. धान्य मिळवण्याची ऐपत व हक्क कोणाला होता, हे पाहावे लागते.

मुंबई शहरात १९४३च्या मे महिन्यात शिधावाटप सुरू झाले. 'रेशन' हा शब्द आपल्या घरांत आला तो ह्याच काळात. रेशनच्या रांगेला व खड्यांनी भरलेल्या तांदळाला आपल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ नावे ठेवली, आणि त्यांत तथ्यही होते. पण बंगालच्या खेड्यांत ती रांगही नव्हती, हे विसरता कामा नये.

तात्पर्य, टंचाईत माणूस हुशार होतो, ही गोष्ट खरी, परंतु अर्धीच. चुऱ्याचा थर ज्या गृहिणीने शोधला, तिच्या हाती निदान चिमूटभर लोणी व मूठभर पीठ पोहोचले होते. बंगालची गृहिणी कमी हुशार नव्हती. तिची हंडीच रिकामी राहिली. कल्पकतेला वाव मिळण्यासाठी आधी वाटा मिळावा लागतो. आमच्या वाचकांनी हा पदार्थ अवश्य करून पाहावा, मुलांना खिलवावा आणि त्याची ही दुसरी बाजूही त्यांना सांगावी. पानात वाढलेला चुरा फुकट घालवू नये, हे मग त्यांना निराळे शिकवावे लागणार नाही.