दिनविशेष : १५ फेब्रुवारी

१९७० : 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा इंग्लंडमधील हल सिटी हॉलमध्ये कार्यक्रम. आदल्या रात्रीचा लीड्स विद्यापीठातला प्रयोगही ध्वनिमुद्रित झाला होता. हलच्या टेपवर मात्र सुरुवातीच्या काही गाण्यांत बँडचा बेसवादक जॉन एंटविसल याचा बेस गिटार उमटलाच नव्हता. त्यामुळे 'लाइव्ह ॲट लीड्स' हा अल्बम त्याच वर्षी बाजारात आला, गाजला. हलच्या टेप कपाटातच राहिल्या. पुढे संगणकाच्या मदतीने लीड्सचा बेस तिथे बेमालूम जोडला गेला आणि २०१२ मध्ये 'लाइव्ह ॲट हल' स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला.

अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) नगरकरांनी ही नोंद ठेवायचे कारण अरणगावजवळचे मेहेराबाद, आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांचे आश्रमस्थान. बँडचा गिटारवादक-गीतकार पीट टाउनशेंड मेहेरबाबांचा भक्त. दोन्ही रात्री सादर झालेल्या 'टॉमी'च्या मूळ अल्बमवर (१९६९) 'अवतार' म्हणून बाबांचा नामोल्लेख आहे. १९७१ च्या 'बाबा ओ'रायली' या गाण्यात तर बाबा थेट शीर्षकातच आले. बाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत सोडले नाही. आणि भक्त निघाला कानठळ्या बसवणाऱ्या बँडमधला!