संगमनेरच्या कांताबाई

आपल्या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचे नाव मिळाले आहे. राज्य चालविणाऱ्या स्त्रीचा इतिहास आपण मुलांना सांगतो. परंतु तमाशाचा फड चालविणाऱ्या स्त्रीचाही इतिहास असतो. मी सातवीपर्यंतच शिकलेली. तरी वाचले-ऐकले ते माझ्या परीने मांडते.

पूर्वी तमाशात बाईचे काम नाच्या पोरगा करी. स्त्रिया बोर्डावर आल्या, त्या अगदी पहिल्यांत संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळाबाईंचे नाव घेतात. शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडात त्यांनी नाव गाजविले. त्याच संगमनेरात पुढे कांताबाई सातारकर स्थायिक झाल्या.

कांताबाईंचा जन्म 1939 सालचा, गुजरातेत बडोद्याकडचा. आईवडील तेथे दगडाच्या खाणीत राबत. पुढे कुटुंब साताऱ्याकडे परतले. लहानपणीच त्या फडात उभ्या राहिल्या, मग मुंबई गाठली आणि तुकाराम खेडकरांच्या नावाजलेल्या फडात आल्या. पुढे त्यांच्याशीच संसार झाला. लावणी तर त्या करीतच, पण वगात पुरुषांची सोंगेही करीत. शिवाजी महाराजांची भूमिकासुद्धा त्यांनी केली.

1964 साली खेडकर वारले. पदरात लहान मुले आणि वय अवघे पंचविशीचे. अशा वेळी बाई खचून गेली असती तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला.

फड चालविणे म्हणजे काय, हे आपण गृहिणींनी समजून घ्यावे. ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या मुली, तंबू ठोकणारे गडी, स्वयंपाकी, मोटारींचे ड्रायव्हर, अशी मोठ्या फडात शंभरावर माणसे. रोज नवे गाव. हंगाम दसऱ्यापासून उन्हाळ्यातल्या जत्रांपर्यंत. पावसाळ्यात कमाई बंद. तरी कलावंतांना आगाऊ उचल द्यावीच लागते, नाहीतर ते दुसऱ्या फडात जातात. त्यासाठी मालकाला कर्ज काढावे लागते. पुढे नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरतात, तेव्हा कोठे जीव भांड्यात पडतो. चार माणसांच्या घराचा महिना गाठताना आपली तारांबळ उडते. मग शंभर माणसांच्या चुलीचे काय?

एक गोष्ट मला विशेष वाटते. फडाच्या पाटीवर आधी पतीचे नाव, पुढे मुलाचे, म्हणजे रघुवीर खेडकरांचे, आणि त्यानंतर 'सह कांताबाई सातारकर'. लोक मात्र कांताबाईंचे नाव ऐकून तिकीट काढीत. आपल्या दारावरच्या पाट्यांवर तर तेवढे 'सह'ही नसते!

सरकारने विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, त्याचा पहिला मान कांताबाईंनाच मिळाला. मे 2021 मध्ये कोरोनाने त्यांना संगमनेरातच गाठले. त्या काळात जत्रा बंद होत्या, तंबू गुंडाळून पडले होते, आणि कित्येक तमासगिरांच्या घरी चूल पेटणे कठीण झाले होते.

तमासगीर बाई म्हटले की अजूनही आपण नाक मुरडतो. यात्रेत कनातीपलीकडून ढोलकी ऐकायची आणि आत राबणाऱ्या बाईला मात्र ओळख द्यायची नाही, हे काही बरे नव्हे. म्हणून माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाने आपल्या भागातील एखाद्या वयस्क तमासगीर बाईंना मानाने बोलवावे, पहिले वाण त्यांना द्यावे आणि त्यांच्याच तोंडून त्यांची हकीकत ऐकावी.