कोकणातली आगोटीची बेगमी
मृगाचा पाऊस सुरू झाला की कोकण जवळजवळ कोंडले जाई. दर्या खवळल्यावर गलबते किनाऱ्याला लागत, बहुतेक बंदरांतली आगबोटींची ये-जा थांबे आणि नद्यांना पूर आला की घाटाकडच्या वाटाही अडत. म्हणून चैत्र-वैशाखातच चार महिन्यांचे अन्न घरात भरून ठेवावे लागे. हीच आगोटीची बेगमी. गोव्यात तिला पुरुमेंत म्हणतात. मडगावला पावसाच्या तोंडावर पुरुमेंताचे फेस्त आजही भरते.

मीठ, मिरची, कडधान्ये आणि सरपण तर लागेच. किनाऱ्यावर त्यात सुके बोंबील, सुकट, सोडे यांची भर पडे. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगल्या जात. पण खरे कसब फळांत दिसे. रातांबे फोडून बिया काढायच्या, साली त्याच फळाच्या मिठाळ रसात बुडवून उन्हात घालायच्या, वाळल्या की पुन्हा बुडवायच्या. असे अनेकदा केल्यावर काळीभोर आमसुले तयार होत. आमरस ताटात पसरून, एक थर वाळला की त्यावर दुसरा देत साठे होत. कैरीच्या फोडींची आंबोशी होई. फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळवून ठेवल्या की पावसात भाजीला कामी येत. हे बहुतेक सारे कष्ट बायकांचे, तेही भर उन्हातले.

ताजी भाजी पाऊसच देई. आधी टाकळा आणि शेवळे, मग भारंगी, फोडशी, करटोली. शेवळे घशाला खाजतात, म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालतात. रायगड-ठाण्याच्या बाजारांत या भाज्या मुख्यतः कातकरी आणि ठाकर बायका आणतात. रानाची ही जाण त्यांनीच टिकवली आहे.

या रीतीचे नुसते गोडवे गाणे मात्र बरोबर नाही. ज्यांच्याकडे साठवायलाच काही नसे, त्यांचा आषाढ-श्रावण पेजेवर आणि वाण्याच्या उधारीवर जाई. रस्ते, एसटी आणि 1998 साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे यांनी ही कोंडी फोडली, हे चांगलेच झाले. आता कोल्हापूर-बेळगावची भाजी भर पावसात कुडाळ-सावंतवाडीला पोचते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असली तरी बाहेरून बर्फातली मासळी येते. आमसुले आणि साठे आता घरच्या बेगमीपेक्षा विक्रीसाठीच अधिक केली जातात आणि मुंबई-पुण्याच्या दुकानांत ती बारा महिने मिळतात.