बायोप्सी निगेटिव्ह, मग सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी कशाला?

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

थायरॉइडच्या गाठीची सुईने तपासणी होते, रिपोर्टवर 'बिनाईन' येतं, घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मग खालची ओळ दिसते: सोनोग्राफी पुन्हा करावी. कुणी सहा महिने सांगतं, कुणी वर्ष, कुणी दोन वर्षं. इथले डॉक्टर एक म्हणतात, सुट्टीत पुण्याला गेलं की तिथले दुसरंच. वाटतं, दोघांपैकी एक चुकतोय. बरेचदा ते फक्त वेगवेगळ्या सालचे नियम सांगत असतात. मी डॉक्टर नाही, सीए आहे. पण आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारायची सवय जात नाही, म्हणून या तारखेचा हा इतिहास.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाठ म्हटली की मोठा इलाज म्हणजे कापणे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे थिओडोर कोखर यांनी ही शस्त्रक्रिया सुरक्षित केली, त्यांना 1909 मध्ये नोबेल मिळालं. पण त्यांनीच 1883 मध्ये सांगितलं होतं की ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली ते पेशंट पुढे मंद, सुजलेले, थकलेले झाले. ग्रंथी काढण्याची किंमत असते, हे तेव्हापासून माहीत आहे.

1930 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या मार्टिन आणि एलिस यांनी सुईने पेशी ओढून तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती सुई जाड होती. बारीक सुईची पद्धत स्वीडनमध्ये, कॅरोलिन्स्का इथे रुळली आणि अमेरिकेत सर्रास व्हायला 1980 चं दशक उजाडलं. त्यानंतर उगाच होणारी बरीच ऑपरेशन्स टळली.

पण सुई म्हणजे सॅम्पल. आम्ही ऑडिटमध्ये प्रत्येक व्हाउचर बघत नाही, आणि रिपोर्टमध्ये 'सगळं शंभर टक्के बरोबर' असंही लिहीत नाही. इथेही तसंच. 2007 मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे तज्ज्ञ जमले आणि रिपोर्टचे सहा गट ठरले. दुसरा गट बिनाईन (ब्रिटनमध्ये यालाच 'थाय 2' म्हणतात). या गटात कॅन्सर निसटण्याची शक्यता 0 ते 3 टक्के धरली गेली. पुन्हा बोलावतात ते या उरलेल्या दोन-तीन टक्क्यांसाठी.

किती दिवसांनी बोलवायचं, याला सुरुवातीला फारसा पुरावा नव्हता. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने 2009 मध्ये सरसकट 6 ते 18 महिने सांगितलं. भीती अशी की गाठ वाढली तर आत काहीतरी आहे. त्याआधीची कित्येक वर्षं तर गाठ लहान व्हावी म्हणून थायरॉक्सिनच्या गोळ्याही देत. तुमच्या आईने किंवा मावशीने घेतल्या असतील. नेहमीचा उपाय म्हणून ते आता मागे पडलंय.

मग 2015 मध्ये इटलीतला अभ्यास आला. 992 लोक, 1567 निरुपद्रवी ठरलेल्या गाठी, पाच वर्षं नजर. 15.4 टक्के लोकांच्या गाठी वाढल्या, 18.5 टक्क्यांच्या आपोआप लहान झाल्या. कॅन्सर निघाला पाच गाठींमध्ये, म्हणजे 0.3 टक्के. आणि त्या पाचांतल्या फक्त दोन वाढलेल्या होत्या! म्हणजे ज्या वाढीवर सगळ्यांचे डोळे लागले होते, तिच्यावरून फारसं कळतच नव्हतं.

त्याच वर्षीच्या नव्या अमेरिकन नियमांत तारीख गाठीच्या रूपावर ठरू लागली. सोनोग्राफीत गाठ खूप संशयास्पद दिसत असेल तर रिपोर्ट बिनाईन असला तरी 12 महिन्यांच्या आत सोनोग्राफी आणि सुई, दोन्ही परत. मध्यम किंवा कमी संशय असेल तर 12 ते 24 महिन्यांनी सोनोग्राफी. अगदीच साधी दिसणारी गाठ असेल तर घाई नाही, बघायचीच तर दोन वर्षांनंतर. आणि दोनदा सुई बिनाईन आली, तर कॅन्सरच्या शंकेपोटी त्या गाठीची सोनोग्राफी करत राहायची गरज नाही.

तुम्ही म्हणाल, जास्त तपासलं तर बिघडतं कुठे? दक्षिण कोरियात काय झालं बघा. 1999 मध्ये तिथे सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्यात नव्हता, पण थोडे जादा पैसे भरले की हॉस्पिटलं गळ्याची सोनोग्राफी करून देत. आपल्याकडच्या फुल बॉडी पॅकेजसारखंच. 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण 1993 च्या 15 पट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र तेवढंच राहिलं. जवळजवळ सगळ्यांची ऑपरेशन्स झाली. विम्याच्या नोंदींनुसार 11 टक्क्यांना कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींचा त्रास जडला, 2 टक्क्यांची स्वरतंतूची हालचाल गेली. 2014 मध्ये काही डॉक्टरांनीच जाहीर विरोध केला आणि वर्षभरात ऑपरेशन्स 35 टक्क्यांनी घटली.

काहीच त्रास नसताना गाठ शोधत फिरणं वेगळं, आणि सापडलेल्या गाठीवर लक्ष ठेवणं वेगळं, हे मान्य. पण दर सुट्टीत 'जाता जाता बघून घेऊ' म्हणत आपण दुसऱ्यातून पहिल्यात कधी जातो ते कळत नाही. दुसऱ्या सेंटरवर दुसऱ्या माणसाने मोजलं की मिलिमीटरचा फरक पडतोच, आणि त्या फरकापायी विमानात बसून भारतात येईपर्यंत झोप उडते. नियमात 'वाढ' कधी धरतात? निदान दोन बाजूंनी 20 टक्के आणि किमान 2 मिलिमीटर, किंवा आकारमान 50 टक्क्यांहून जास्त. 14 ची 15 मिलिमीटर झाली तर ती यात बसत नाही.

तेव्हा डॉक्टरांना 'परत कधी येऊ?' याच्या आधी विचारा, 'सोनोग्राफीत गाठ कोणत्या गटातली दिसते?' लहानपणी मानेला रेडिएशन मिळालं असेल, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, तर न विचारता सांगा. आवाज बसला, गिळताना अडकू लागलं किंवा गाठ भराभर वाढतेय असं वाटलं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. आणि देश बदलताना नुसता रिपोर्ट नको, सोनोग्राफीची चित्रंही सीडीवर मागून घ्या. पुढचा डॉक्टर कशाशी ताडून बघणार?